अ‍ॅव्होकॅडोच्या पानांची करपलेली टोके

घरातल्या कुंडीतील अ‍ॅव्होकॅडोच्या पानांची टोके तपकिरी होत आहेत, माती ओली असूनही रोप मलूल दिसते आणि म्हणून खत वाढवले आहे, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की खत आजच थांबवावे.

हे झाड क्षारांना, विशेषतः क्लोराइडला, फार संवेदनशील असते. पाण्यातून व खतातून येणारे क्षार कुंडीत साचत गेले की पान टोकापासून कडांकडे करपत जाते. मात्र ओल्या मातीत रोप मलूल होणे मला अधिक चिंताजनक वाटते, कारण सतत ओलसर मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात आणि भोवती पाणी असूनही ते पानांपर्यंत पोहोचत नाही. रोप हलकेच बाहेर काढून मुळे पाहावीत. काळी, मऊ पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून पर्लाइट (माती सैल ठेवणारे पांढरे, हलके दाणे) मिसळलेल्या, निचरा होणाऱ्या नव्या मातीत ते लावावे. कुंडी मोठी घेऊ नये, कारण जास्तीची माती जास्त काळ ओली राहते. यापुढे मातीचा वरचा थर सुकल्यावरच, तळाच्या छिद्रांतून वाहून जाईल इतके पाणी द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. करपलेला भाग पुन्हा हिरवा होणार नाही. सुधारणा नव्या पालवीतच दिसेल.