विषय: वेंडोव्हरचं नाटक – लूसीला किती माहीत असावं?

प्रेषक: नाट्यसमिती (दिग्दर्शन)

मंडळी, नमस्कार.

हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक पॉल टिबेट्स आणि त्याची बायको लूसी यांच्यावरच्या, वेंडोव्हर या सरावाच्या तळावर घडणाऱ्या दोन अंकी नाटकाचा दुसरा खर्डा सगळ्यांकडे पोचला आहे. वाचनात बहुतेकांना एकच जागा खटकली. पहिल्या अंकाच्या शेवटी लूसीला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात एक कागद सापडतो आणि कसल्यातरी भयंकर बॉम्बचं काम चाललंय एवढं तिला कळतं. त्यानंतर कथानक पळतं खरं, पण भांडणातला जीव जातो. हा प्रसंग ठेवावा की काढावा?

गणवेश, पत्रं आणि विमानातले आवाज यांचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी नेमकं लिहा. तालमी सुरू व्हायच्या आत संहिता पक्की करायची आहे.

----------

प्रेषक: वाचनालय विभाग

ताई, नमस्कार.

कागद काढाच. तसा कागद वेंडोव्हरच्या घरात येणं शक्यच नव्हतं. बॉम्ब टाकण्यासाठी उभारलेल्या त्याच्या तुकडीत, ५०९व्या कॉम्पोझिट ग्रुपमध्ये, दीड हजारांच्या वर माणसं होती आणि सुरुवातीला त्यांच्यातल्या एकट्या टिबेट्सला हे सगळं कशासाठी चाललंय ते ठाऊक होतं. ज्याला कामापुरतं जेवढं लागेल तेवढंच त्याला सांगायचं, ही पद्धत. बॉम्ब टाकणाऱ्याला उंची आणि लक्ष्य माहीत, मेकॅनिकला इंजिन माहीत. या सगळ्याचा अर्थ लावू शकणारा माणूस एकच, आणि तो रोज रात्री घरी जेवायला येतो. नाटक इथे आहे. लूसीला सुगावा लागला की ती कटात अर्धी सामील होते आणि मग तिच्या रागाला काही आधारच राहत नाही.

सुरुवात कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मुलाखतीने करावी असं मला ठामपणे वाटतं. सप्टेंबर १९४४, टिबेट्स २९ वर्षांचा. जनरल एंटच्या कचेरीत जाण्याआधी मॅनहॅटन प्रकल्पाच्या, म्हणजे अणुबॉम्ब बनवण्याच्या गुप्त कामाच्या सुरक्षेचा अधिकारी जॉन लान्सडेल त्याला बाजूला घेतो आणि विचारतो, तुला कधी अटक झाली होती का? टिबेट्स खरं सांगतो: कॉलेजच्या वयात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मोटारीच्या मागच्या सीटवर एका मुलीबरोबर पोलिसांनी पकडलं होतं. लान्सडेलला ते आधीच ठाऊक असतं. त्याला बघायचं असतं ते एवढंच, की हा माणूस खोटं बोलतो का. म्हणजे खरं बोलला म्हणून निवड झाली, आणि त्या दिवसापासून घरात खोटं बोलणं हा त्याच्या कामाचा भाग झाला. याहून चांगला पहिला प्रवेश शोधून सापडणार नाही.

त्याच्या जोडीला १९३८ सालचं लग्न घ्या. जून महिन्यात, अलाबामातल्या होली ट्रिनिटी इथल्या कॅथलिक सेमिनरीत दोघांनी गुपचूप लग्न केलं. त्याने ना घरच्यांना कळवलं, ना वरिष्ठांना, आणि गावच्या वर्तमानपत्रात बातमी येऊ नये अशीही तजवीज केली. पहिलं गुपित दोघांचं होतं. वेंडोव्हरचं गुपित त्याचं एकट्याचं, आणि ती दाराबाहेर. खर्ड्यात हे लग्न एका ओळीत उरकलंय, त्याला पूर्ण प्रवेश द्या.

आता जागा. वेंडोव्हर युटा आणि नेवाडाच्या हद्दीवर, सॉल्ट लेक सिटीपासून सुमारे १२० मैल पश्चिमेला. चहूकडे मिठाचं सपाट मैदान. स्टेट लाइन नावाच्या हॉटेलातून तर दोन राज्यांमधली रेघच जात होती. तळावर पाटी होती, तिचा मतलब असा: इथे जे ऐकाल, जे पाहाल, ते इथून जाताना इथेच ठेवून जा. सुरक्षेचा प्रमुख मेजर युआना आणि त्याची सुमारे तीस माणसं. फोन ऐकले जात, पत्रं वाचली जात. १९४४च्या नाताळात जवानांना रजा दिली, तीही परीक्षाच होती. प्रवासात साध्या कपड्यातला एखादा गप्पिष्ट माणूस शेजारी येऊन बसायचा आणि हळूच विचारायचा, कुठल्या तळावर असता? जे बोलले त्यांना परत बोलावून खडसावलं आणि काहींची बदली थेट अलास्काकडे झाली. दुसऱ्या अंकात लूसी रेल्वेत भेटलेल्या अनोळखी बाईशी बोलते तो प्रवेश याच धर्तीवर बेता. फक्त प्रेक्षकाला ती बाई कोण ते शेवटपर्यंत कळू देऊ नका.

खर्ड्यात टिबेट्स बायकोला म्हणतो, "मी तुला सांगू शकत नाही." हे वाक्य एकूण सात ठिकाणी येतं. सातही काढा. सांगू शकत नाही असं म्हणणं म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे हे कबूल करणं. तसं करायची त्याला मुभा नव्हती. त्याला रचलेलं, साधं, कंटाळवाणं उत्तर द्यावं लागे. तळावर पांढऱ्या डगल्यातले इतके बिनलष्करी लोक का फिरतात असं लूसीने विचारलं, तेव्हा ते सॅनिटरी इंजिनियर आहेत, म्हणजे मोरी-गटाराचं बघणारे, असं त्याने सांगितलं. आणि तिने पुढे खरोखरच त्यांतल्या एका शास्त्रज्ञाला धरून घरातली तुंबलेली मोरी मोकळी करून घेतली. हा प्रसंग खर्ड्यात कसा काय नाही?

शेवटची एक सूचना. या दोघांचा घटस्फोट १९५५ साली झाला, युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर. बॉम्ब पडला आणि संसार मोडला असं सरळ गणित मांडू नका. त्याच्याही आधी, १९४२ मध्ये, तो इंग्लंडमधून बी-१७ या बॉम्बफेकी विमानांची उड्डाणं करत होता आणि ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या रुआँवरच्या हल्ल्यात आघाडीच्या विमानात होता. थोरला मुलगा १९४०चा, धाकटा १९४४चा. सततची गैरहजेरी आधीपासूनच होती. वेंडोव्हरने तिच्यात भर घातली ती अशी, की माणूस घरात असूनही गैरहजर.

----------

प्रेषक: ध्वनी व तांत्रिक

नमस्कार. काकांच्या मेलला पुस्ती जोडतो.

गणवेश: खर्ड्यात "हवाई दलाचा निळा गणवेश" लिहिलंय, ते चूक आहे. अमेरिकेचं स्वतंत्र हवाई दल सप्टेंबर १९४७ मधलं. तोवर ही सगळी माणसं आर्मीची, तेव्हा गडद ऑलिव्ह रंगाचा कोट आणि फिकट, किंचित गुलाबीसर पँट. निवडीच्या वेळी टिबेट्स लेफ्टनंट कर्नल होता, म्हणून खांद्यावर चंदेरी ओकचं पान. जानेवारी १९४५ मध्ये कर्नल झाल्यावर चंदेरी गरुड. मध्यंतराच्या आगेमागे ही बदली होते, तेव्हा वेशभूषेवाल्यांनी दोन कोट तयार ठेवावेत. विंगेत पिना बदलायला गेलात तर हमखास एक उलटी लागते.

पत्रं: टिनियन बेटावरून (बॉम्बचं विमान जिथून उडालं ते पॅसिफिकमधलं बेट) आलेलं पत्र पाकिटातून जाडजूड निघतं असं दाखवलंय. त्याऐवजी व्ही-मेल वापरा. मूळ पत्राचा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो काढून फिल्म अमेरिकेत आणत आणि तिथे छापत. हाती पडे तो साधारण सव्वाचार इंच बाय सव्वापाच इंचाचा चकचकीत तुकडा, अक्षर बारीक, वर सेन्सॉरचा शिक्का. लूसीला ते वाचायला दिव्याजवळ जावं लागेल, ही हालचाल दिग्दर्शनाला फुकट मिळते. परतीचा पत्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी पोस्टाचा. बेटाचं नाव कुठेही येता कामा नये, नाहीतर सगळा डोलाराच कोसळेल.

विमान: संहितेत बी-२९ या बॉम्बफेकी विमानाच्या वरखालच्या तोफांचा उल्लेख आहे. ५०९च्या विमानांना त्या नव्हत्याच. "सिल्व्हरप्लेट" या सांकेतिक नावाखाली जी विमानं बनवली, त्यांच्या शेपटातली तोफ सोडून बाकीच्या तोफा आणि चिलखती पत्रे उतरवले होते. वजन सात हजार पौंडांहून जास्त घटलं, म्हणून विमान अधिक उंच आणि अधिक चपळ. सिल्व्हरप्लेट हा शब्द उच्चारला की टिबेट्सला माणसं, विमानं, सुटे भाग काहीही मिळे. बाहेर एका शब्दावर सगळं मिळणारा माणूस घरात एका प्रश्नाला खरं उत्तर देऊ शकत नाही. हा विरोध दोन प्रवेश शेजारी ठेवून दाखवता येईल, संवाद लिहायची गरज नाही.

वळण: सरावाचा गाभा हाच होता. बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपेनहायमर याने टिबेट्सला बजावलं होतं की स्फोटाच्या धक्क्यातून विमान कदाचित वाचणार नाही. म्हणून बॉम्ब सुटताक्षणी सुमारे १५५ अंशांचं तीव्र वळण घेऊन उलट दिशेला पळायचं. म्हणजे घरी मोरीवरून बोलणं चाललंय तेव्हा त्याच्या डोक्यात आपण परत येऊ की नाही हा हिशेब आहे. नटाला एवढं सांगितलं तरी पुरे.

आवाज: खर्ड्यात बॉम्ब सुटतो आणि लगेच धडाम. तसं करू नका. सुमारे ३१,००० फुटांवरून बॉम्ब सुटला, ९,७०० पौंडांचा भार गेल्यामुळे विमान वर उसळलं, मग ४३ सेकंद काहीच नाही. नंतर प्रकाश, आवाजाविना. त्यानंतर जवळपास मिनिटभराने पहिला धक्का, तेव्हा विमान स्फोटापासून सुमारे साडेअकरा मैलांवर. पाठोपाठ दुसरा, जरा हलका, कारण तो जमिनीवरून परावर्तित होऊन आलेला. रंगमंचावर ४३ सेकंद फार लांब वाटतात, प्रेक्षक खोकायला लागतात. तरी कापू नका. खाली इंजिनांची घरघर एकसुरी चालू ठेवा, अगदी हळू, आणि तिच्यावर दुसरं काही घालू नका. संगीत तर मुळीच नको.

वेळा: हिरोशिमात ६ ऑगस्टच्या सकाळचे ८:१५, म्हणजे टिनियनवर ९:१५ आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ५ ऑगस्टच्या संध्याकाळचे ७:१५. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचं बॉम्बबद्दलचं निवेदन वॉशिंग्टनला ६ तारखेला सकाळी ११ वाजता. मधल्या पावणेसोळा तासांत लूसी काय करत होती, हे दाखवायला नाटककार मोकळा आहे. स्वयंपाक, मुलांना झोपवणं, सकाळची न्याहारी, सगळं त्यात बसतं.

----------

प्रेषक: संहिता वाचन गट

नमस्कार. एक मूलभूत हरकत नोंदवते, आणि ती सौम्य करून सांगणार नाही.

हिरोशिमात १९४५ अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली, असा त्या शहराचाच अंदाज आहे. सकाळी वाजलेला धोक्याचा इशारा ७:३१ला मागे घेतला होता, लोक कामाला लागले होते. आगीला आडकाठी म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामावर हजारो शाळकरी मुलं उघड्यावर होती. हे बाजूला ठेवून वैमानिकाच्या बायकोचे अश्रू रंगमंचाच्या मधोमध आणले, तर प्रेक्षकांच्या मनात दोन दुःखं एका पारड्यात पडतात. मला ते मान्य नाही.

म्हणून म्हणते, प्रकाशझोत काढा. स्फोट दाखवूच नका. ध्वनिविभागाने सांगितलेली ४३ सेकंदांची शांतता झाली की थेट लूसीच्या घरातला रेडिओ. टिबेट्सने विमानाला ५ ऑगस्टला स्वतःच्या आईचं नाव दिलं, एनोला गे. ते नाव लूसीने बातमीत ऐकावं. सासूचं नाव, रेडिओवर, त्या बॉम्बसोबत. तिने रडू नये. इतके दिवस ज्या घरात ती राहिली, जेवली, मुलं वाढवली, त्या घराचा उपयोग कशासाठी झाला हे तिला त्या क्षणी कळतं. गुप्ततेने तिच्याकडून फक्त नवरा हिरावला नाही. तिला विचारलंही गेलं नाही. "असं काही असेल तर मला नको" म्हणायची संधी तिला कधी मिळालीच नाही. हा मुद्दा लग्नाचाही आहे आणि बॉम्बचाही, आणि फक्त याच जागी ते दोन्ही एकत्र येतात.

----------

प्रेषक: वाचनालय विभाग

हरकत रास्त आहे, एवढीच दुरुस्ती: विमानाचं नाव आणि वैमानिकाचं नाव ट्रुमनच्या निवेदनात नव्हतं. नावं नंतरच्या बातम्यांत आली. तेव्हा रेडिओच्या दोन बातम्या कराव्या लागतील. पहिल्या बातमीत शहर आणि बॉम्ब. ती ऐकताना लूसी काही जोडू शकत नाही, मुलाला भरवत राहते. दुसरीत नाव. मधे काही तास गेल्याचं खिडकीतल्या उजेडाने दाखवा.

----------

प्रेषक: नाट्यसमिती (दिग्दर्शन)

काका, सगळ्यांचेच आभार. ठरलं ते असं.

खिशातला कागद गेला. "सांगू शकत नाही" सातही ठिकाणचं गेलं. पहिला प्रवेश लान्सडेलचा, दुसरा सेमिनरीतल्या लग्नाचा. प्रकाशझोत नाही, ४३ सेकंद पूर्ण, मग दोन बातम्या. लूसी पॉलशी एकेरीतच बोलेल, "अहो" नको.

मोरीचा प्रवेश पहिल्या अंकाच्या मध्यावर येतो आणि त्याला चांगली सात-आठ मिनिटं देणार आहोत. नेपथ्याने सिंक खऱ्या उंचीचं करावं, खाली पुढची फळी नको, म्हणजे यू आकाराचा पाइप प्रेक्षकांना दिसेल. क्रम असा: आधी सिंकमधलं पाणी तांब्याने उपसायचं, मग पाइपखाली बादली, मग दोन्ही बाजूंचे नट पान्याने सैल करून शेवटचे आटे हाताने सोडायचे. तो बाक सुटला की त्यातलं पाणी एकदम येतं, पाव लिटरच्या आसपास, म्हणून बादली बरोब्बर खाली हवी. तालमीत खरं पाणी चालेल. प्रयोगात पाण्याऐवजी साबुदाण्याची पातळ खळ आणि थोडी कॉफी वापरू, ती पसरत नाही आणि जमिनीवरच्या माइकच्या वायरींपर्यंत पोचत नाही. नट हाताने फिरतील इतकेच आवळलेले ठेवा. घट्ट बसला तर नट अडकतो आणि बिचाऱ्या नटाला संवाद रेटत बसावं लागतं.

शास्त्रज्ञाची भूमिका करणाऱ्याने काम नवशिक्यासारखं करायचं, पण विचार करून. तो आधी पाइपकडे नीट बघतो, बोटाने बाक मोजतो, बादली दोनदा सरकवतो. प्लंबर असं करत नाही. लूसी हे बघत उभी आहे, कडेवर तान्हं मूल. ती हसते, त्याला कॉफी देते, आणि कप हातात देताना त्याचे मऊ, कष्टाची खूण नसलेले हात तिला दिसतात. ती काही बोलत नाही. रात्री पॉल आल्यावर ती सांगते की तुझ्या इंजिनियरने मोरी काढून दिली, छान माणूस आहे. पॉल हसतो, मनापासून हसतो. ती बघत राहते की हा नेमका कशाला हसतोय.

या प्रवेशाचे संवाद शनिवारपर्यंत लिहून पाठवते. ध्वनिविभागाने बी-२९च्या चार इंजिनांची घरघर, निदान दोन मिनिटं सलग, तोवर जमवून ठेवावी. वेशभूषेला दोन्ही कोटांची मापं उद्या देते.