पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांची इंटर्नशिप फुकट का?

डेस्कवरची

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. त्याला 4 क्रेडिट आहेत. म्हणजे पत्रकारितेचं एम.ए. करणाऱ्या मुलांना आता एखाद्या दैनिकात, वाहिनीत किंवा पोर्टलवर जाऊन काम करावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलांना आणि नुकत्याच पास झालेल्यांना मानधन मिळालं पाहिजे. प्रमाणपत्रावर बोळवण करणं थांबवा.

ही मुलं काय काम करतात ते डेस्कवर, म्हणजे जिथे बातम्या तपासून पानावर लावतात तिथे, बसणाऱ्याला विचारा. दुपारनंतर व्हॉट्सॲपवर प्रेसनोटा धडकायला लागतात. काही पीडीएफ, काही जुन्या फॉन्टमधल्या, ज्या युनिकोडमध्ये आणल्या की जोडाक्षरं फुटतात, आणि काही म्हणजे छापील पत्रकाचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो. त्या टाइप करायच्या, 'मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न' हे सगळं कापून चार ओळींची बातमी काढायची, फोटोओळीत डावीकडून नावं लावायची, 'आजचे कार्यक्रम' भरायचं, वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, मराठीत आणायची. हे सगळं दुसऱ्या दिवशी छापून येतं, लोक पैसे देऊन वाचतात. इंटर्न गेली की तेच काम आम्ही पगारी माणसं करतो. मग ते तिने केलं तेव्हा फक्त शिक्षण कसं होतं?

आता खर्च बघा. लातूर किंवा बुलढाण्याहून पुण्यात आलेल्या मुलीला कॉटच्या भाड्याचे चार-पाच हजार, मेसचे तीन हजारांवर, शिवाय बसचा पास, मोबाइलचा रिचार्ज आणि रात्री उशीर झाला की रिक्षा. ज्याचं घर पुण्यातच आहे तो तीन-चार महिने आरामात काढतो. ती महिनाभरात गावी जाते किंवा कॉल सेंटर गाठते. पुढे जागा निघाली की संपादकांना जो चेहरा रोज दिसत होता तोच आठवतो. ऊसतोड मजुरांची पोरं किती महिने शाळेबाहेर असतात, पीकविम्याचा पंचनामा कसा होतो, हे घरातच पाहिलेली मुलं अशी दारातच गाळली जातात. नंतर आपणच म्हणतो की मराठी पेपरात ग्रामीण भाग दिसत नाही.

सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, किमान विद्यावेतन नियमाने ठरलेलं आहे. इंटर्न डॉक्टरांना विद्यावेतन मिळतं, आणि ते थकलं की आपण पहिल्या पानावर बातमी लावतो. आपल्याच न्यूजरूममधल्या मुलांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

जिल्हा_दैनिक

ताई, तुमचं कळकळीने लिहिलेलं आहे, पण तुम्ही मोठ्या शहरातल्या मोठ्या पेपरच्या खुर्चीवरून बोलताय. मी जिल्ह्याच्या ठिकाणी दैनिक चालवतो. कागद महाग, शासकीय जाहिरातींची बिलं महिनोन्‌महिने अडकलेली, अंकाची किंमत रुपयाने वाढवली तरी एजंट ओरडतात. माझ्याकडे डेस्कवर मोजकी माणसं आहेत आणि त्यांचे पगार वेळेवर करणं हीच माझी पहिली जबाबदारी आहे.

शिवाय इंटर्न आल्या दिवसापासून तुमचं काम हलकं करते हे मला मान्य नाही. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. अपघाताची बातमी आली होती. मुलाने सुरुवात केली ती 'वाढत्या वाहतुकीमुळे रस्ते मृत्यूचे सापळे बनले आहेत' अशी. किती माणसं गेली हे पाचव्या परिच्छेदात, कुठल्या फाट्यावर हे शेवटी, आणि मृतांपैकी एकाचं वय बातमीत 35 तर फोटोओळीत 53. उपसंपादकाने पाच मिनिटांत नवीन लिहून टाकली असती. पण तो मुलासोबत बसला, पोलीस ठाण्याला परत फोन लावायला लावला, इंट्रो तीनदा लिहून घेतला. पान छपाईला सोडायची वेळ टळली. गाडी उशिरा गेली आणि दोन तालुक्यांत अंक एसटीच्या पहिल्या फेरीला मिळाला नाही. हा खर्च कोण धरणार?

तो मुलगा आज चांगलं काम करतोय, याचा मला आनंद आहे. पण तो शिकला तो माझ्या माणसाच्या वेळेवर. विद्यापीठ त्याच्याकडून फी घेतं, शिकवतो आम्ही, आणि वर मानधनही आम्हीच द्यायचं? सक्ती केलीत तर माझ्यासारखे लोक एकही इंटर्न घेणार नाहीत. मग तुमची बुलढाण्याची मुलगी बुलढाण्यातही शिकू शकणार नाही.

एमए_भाग२

सर, तुमच्या पेपरात निदान कोणी शेजारी बसवून शिकवलं. मी ज्या पोर्टलवर होते तिथे पहिल्याच दिवशी लॉगिन दिलं आणि दिवसाला दहा बातम्यांचं टार्गेट. कॉपी कोणी तपासायचं नाही, थेट पब्लिश. मला दोन महिन्यांत एकाही बातमीवर 'हे असं का लिहिलंस' असं कोणी विचारलं नाही. कॉलेजचा अहवाल भरताना 'काय शिकलात' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. अशा ठिकाणी तरी पैसे मागायचे की नाही?

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत हा वाद कोर्टापर्यंत गेला आहे, म्हणून लिहितो. 2013 मध्ये काँडे नास्ट या मासिकांच्या मोठ्या कंपनीवर दोन माजी इंटर्ननी दावा लावला. तासाला डॉलरभरसुद्धा पडत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीने त्याच वर्षी इंटर्नशिपच बंद करून टाकली, आणि पुढे 2014 मध्ये सुमारे 58 लाख डॉलरला तडजोड केली. म्हणजे 'सक्ती केली तर दार बंद होईल' ही जिल्हा_दैनिक यांची भीती हवेतली नाही.

पण त्याच 2013 मध्ये 'द नेशन' या साप्ताहिकाच्या इंटर्ननी आपल्याच संपादकांना पत्र लिहिलं की आम्हाला किमान वेतन द्या, आणि त्या साप्ताहिकाने ते मान्य केलं. ते काही श्रीमंत प्रकाशन नाही, त्याला देणग्यांचाही आधार लागतो. 2015 मध्ये अपील कोर्टाने एक कसोटी सांगितली: या व्यवस्थेचा मुख्य फायदा कोणाला होतो, इंटर्नला की मालकाला? शिक्षणाशी सांधा आहे का, क्रेडिट मिळतं का, आणि पगारी माणसाचं काम इंटर्नवर ढकललं जातंय का, हे सगळं त्यात बघतात. या कसोटीवर टीकाही खूप झाली, कारण ती मालकांना सोयीची आहे. तरीही ती लावली तर जिल्हा_दैनिक यांची इंटर्नशिप कदाचित सुटेल, एमए_भाग२ यांच्या पोर्टलची मात्र सुटू नये.

जिल्हा_दैनिक

पोर्टलचं समर्थन मी करत नाही. ते सरळ सरळ राबवून घेणं आहे.

तालुका_वार्ताहर

दोन्ही बाजू वाचल्या. आता तालुक्याचं ऐका.

आम्ही अंशकालीन वार्ताहर. महिन्याला जे मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही, आणि कित्येकांना तेही नाही. मग आमचं घर कशावर चालतं? जाहिरातीच्या कमिशनवर. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, दिवाळी आणि नेत्याचा वाढदिवस, या दिवसांत सभापतीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या दारात जायचं, शुभेच्छांची जाहिरात घ्यायची, टक्केवारी घ्यायची. आणि ज्याच्याकडून दिवाळीत जाहिरात घेतली त्याच्याच ग्रामपंचायतीतला पाणीपुरवठ्याचा घोटाळा जानेवारीत लिहायचा. लिहील कोण? लिहिलाच तर पुढच्या दिवाळीला पेपरचाच जाहिरात विभाग विचारतो, टार्गेट का नाही झालं.

बातमीदाराला पेपरने पैसे दिले नाहीत म्हणजे ते कोणीच दिले नाहीत असं होत नाही. दुसरा कोणीतरी देतो, आणि तो बातमीवर हक्क सांगतो. विसाव्या-बाविसाव्या वर्षी ज्या पोराला 'बातमी फुकट लिहायची, पैसे दुसरीकडून बघायचे' ही सवय लागली, तो पुढे उमेदवाराकडून पैसे घेऊन बातम्या छापण्याचं 'पॅकेज' घेताना बिचकणार नाही. निवडणुकीतल्या पेड न्यूजवर आपण परिसंवाद घेतो. त्याची मुळं इथे आहेत. म्हणून माझं मत डेस्कवरची यांच्या बाजूने, आणि त्यांच्यापेक्षा जरा जास्त कडक.

निवृत्त_उपसंपादक

तालुका_वार्ताहर यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण मागणी कोणत्या जमिनीवर उभी करायची याचा विचार व्हावा. पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 11 नोव्हेंबर 2011 ला अधिसूचित झाल्या. वृत्तपत्रांचे मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी 2014 मध्ये हरले. तरी अंमलबजावणी होईना म्हणून अवमान याचिका झाल्या, आणि जून 2017 मध्ये न्यायालयाने कंत्राटी पत्रकारांनाही या शिफारशी लागू आहेत हे स्पष्ट केलं. एवढं होऊनही लोक कामगार न्यायालयात खेटे घालत राहिले. माझ्याबरोबरचे काहीजण थकबाकीची वाट बघत गेले.

ज्या पत्रकाराच्या बाजूने कायदा आणि सर्वोच्च न्यायालय दोन्ही होते त्याची ही गत. इंटर्न तर कायद्यात कुठेच नाही. 1961 च्या कायद्यात ॲप्रेंटिस आहे, त्याला विद्यावेतन आहे, करार आहे. 'इंटर्न' असं म्हटलं की यातलं काहीच लागू नाही, म्हणून तो शब्द मालकांना आवडतो. नुसतं 'मानधन द्या' म्हणून आवाहन केल्याने काही हलणार नाही. ॲप्रेंटिस म्हणून नोंद करायला लावा.

विभागातला_शिक्षक

मी पत्रकारितेच्या विभागात शिकवतो आणि दरवर्षी मुलांना जागा मिळवून देण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून थोडं विरोधात बोलतो.

4 क्रेडिट म्हणजे साधारण 120 तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. या वीस दिवसांत मूल बहुतेक वेळ बघतंच असतं: पान कसं लागतं, मीटिंगमध्ये बातमी कशी मांडतात, गुन्हे बातमीदार रात्री पोलीस ठाण्यांना राउंड कॉल कसा लावतो. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि त्याचे पैसे मागणं मला अवघड वाटतं. मागितले तर दहातले सात संपादक फोन ठेवतील, आणि मुलांचं सेमिस्टर अडकेल. त्याचा ताण माझ्यावर येतो, तुमच्यावर नाही.

खरा गैरप्रकार पुढे सुरू होतो. वीस दिवस संपल्यावर 'चांगलं करतोस, थांब अजून, बघू पुढे' असं सांगून चार-सहा महिने थांबवून घेतात. पदवी हातात असलेली मुलं नोकरीच्या आशेवर राबतात. तिथे मानधनाबद्दल मी ठाम आहे. आणि त्यासाठी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. 2024 मध्ये आली, पदवीधराला महिना 10 हजार सरकार थेट बँक खात्यात देतं, सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा केली. शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही, पण पास झालेल्यांना आहे. जिल्हा_दैनिक, नियमात बसून नोंदणी झाली तर तुमच्या खिशाला हातही लागत नाही.

तालुका_वार्ताहर

सर, सरकारच्या पैशावर बातमीदार? माहिती खातं जाहिरात देतं तेवढ्यानेच काही पेपर मऊ होतात. आता माणसाचा पगारही तिकडूनच? मला हे पटत नाही. कारखान्यात, बँकेत ही योजना चालेल. न्यूजरूममध्ये नको.

विभागातला_शिक्षक

मुद्दा गंभीर आहे, पण पैसे उमेदवाराच्या खात्यात ठरलेल्या नियमाने जातात. कोणत्या पेपरने काय छापलं यावर ते अवलंबून नाहीत. उपाशी बातमीदार सरपंचाच्या जाहिरातीवर जगतो त्यापेक्षा हे मला कमी धोक्याचं वाटतं. हे तुमच्याच मुद्द्यावरून म्हणतोय.

डेस्कवरची

सरांचा वीस दिवस आणि त्यापुढचे महिने हा फरक मला मान्य आहे. पहिल्या वीस दिवसांसाठीही मी एक गोष्ट सोडणार नाही: बातमीला पाठवलंत तर जाण्यायेण्याचे पैसे द्या, आणि रात्री दहानंतर थांबवलंत तर ऑफिसच्या गाडीने घरी सोडा. मुलींच्या बाबतीत हा पैशापुरता प्रश्न नाही. घरचे एकदा म्हणाले 'बंद कर ते', की बंद होतं.

आणि जे छापलं त्यावर नाव द्या. बायलाइन द्यायला कागद जास्त लागत नाही. 'प्रतिनिधी' म्हणून छापलेली बातमी ती मुलगी पुढच्या मुलाखतीत आपली म्हणून दाखवू शकत नाही.

जिल्हा_दैनिक सर, उपसंपादकाचा वेळ जातो हे खरंच आहे. पण नवीन पगारी बातमीदार आला तरी पहिले दोन महिने त्याच्यावर तेवढाच वेळ जातो, आणि तेव्हा आपण त्याचा पगार कापत नाही. तुम्ही किती इंटर्न घेता एका वेळी?

जिल्हा_दैनिक

पाच-सहा. कॉलेजकडून आग्रह असतो, नाही म्हणवत नाही.

तुमचा प्रश्न कळला. सहा घेण्याऐवजी दोन घ्या आणि दोघांना द्या, असंच ना? त्यावर विचार करता येईल. दोघांवर नीट लक्षही देता येईल, हे खरं. पाच हजार प्रत्येकी, तीन महिने, एवढं मी ओढूनताणून बसवू शकेन. ॲप्रेंटिसची नोंदणी, सरकारी पोर्टल, कागदपत्रं यात मात्र पडायला माझ्याकडे माणूस नाही, आणि सरकारी योजनेबद्दल तालुक्याच्या मित्राने जे लिहिलंय ते मलाही टोचतं. प्रवासखर्च आणि नाव, हे या बॅचपासून. सक्तीला माझा विरोध आहे तो आहेच.

विभागातला_शिक्षक

आणि उरलेले चार, सर? ते माझ्या यादीत आहेत. त्यातल्या दोघी जिल्ह्याबाहेर जाऊ शकत नाहीत, आणि तुमच्या गावात दुसरं दैनिक नाही.

जिल्हा_दैनिक

त्या दोघींची नावं आधी पाठवा. गावातच राहतात, तर त्यांनाच घेतो.