41 मार्क पडले, म्हणून गुडघा बरा?

परभणीची लेक
परवा इथं एका ऑर्थोच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'गुडघा बदलल्यावर ऑक्सफर्ड स्कोअर 17 वरून 41 झाला. पेशंट स्वतः सांगतोय, आता तक्रारीला जागाच नाही.' जागा आहे, डॉक्टर. आईचा फॉर्म माझ्यासमोर भरला. गुडघ्याच्या दुखण्याचे, रोजच्या कामाचे बारा प्रश्न, 48 पैकी मार्क, जास्त मार्क म्हणजे गुडघा बरा. 'एकट्यानं बाजारहाट जमतो का?' आई उभ्या जन्मात एकटी बाजारात गेली नाही, भावानं 'सहज'वर टिक केली. ती बाकावर पदर सावरत म्हणाली, 'साहेबाला बरं वाटंल असं लिही बाबा.' शिवाय फॉर्म विचारतो मागच्या चार आठवड्यांचं, अन् भरला वैशाखात, रानात काम नसताना. सोयाबीनच्या खुरपणीत कोण विचारायला आलं?

फिजिओ लातूर
ताई, भावानं भरला त्यात फॉर्मचा काय दोष? 5 मार्कांचा फरकसुद्धा पेशंटला जाणवण्याजोगा धरतात, तुम्ही 24 मार्कांवर भांडताय. ऑपरेशनआधी आई रात्री झोपत होत्या का? आणि बदललेल्या गुडघ्यानं उकिडवं बसून खुरपायचं नसतं.

मांजराकाठ
खुरपायचं नाही, मान्य. संडासाचं काय करायचं? घरकुलाचं संडास, खाली बसायचं. कमोडची खुर्ची आणली तर दारातून आत जाईना. दार काढून पडदा लावला. तेव्हापासून वडील पहाटे अंधारातच उरकून घ्यायलेत. याला किती मार्क?

गोदाकाठचा
दरवेळी संडास कशाला आणता? विषय स्कोअरचा चाललाय. इंग्लंडात सरकारी योजनेत 2009 पासून असे फॉर्म भरून घेतात, ऑपरेशननंतरचा सहा महिन्यांनी पोस्टानं घरी येतो. सर्जनसमोर बसून भरावा लागत नाही.

मांजराकाठ
तुमच्या फ्लॅटात कमोड आहे, म्हणून तुम्हाला विषय वेगळा वाटायलाय. ज्याच्या बापाला पडदा धरून उठावं लागतं त्याला विचारा.

फिजिओ लातूर
आवाज चढवू नका, दादा. त्या बारा प्रश्नांत उकिडवं बसणं नाही, मांडी घालणं नाही, एवढं मानतो. 'कूस' (KOOS) नावाच्या गुडघ्याच्याच दुसऱ्या फॉर्मात उकिडवं बसण्याचा प्रश्न आहे, पण ते 42 प्रश्न. ओपीडीच्या गर्दीत ते कोण वाचून दाखवणार?

परभणीची लेक
आई आता रात्री झोपते, हे खरं. सर्जनचे उपकार मानते. पण मग 'तक्रारीला जागा नाही' म्हणू नका. पोराला बाहेर बसवा, आईला विचारा, अन् श्रावणात परत विचारा.

मांजराकाठ
रुंद दाराचं संडास कुणी बांधून घेतलं असेल तर माप टाका. दिवाळीआधी गवंडी लावायचाय.