नेल गनचे खिळे कडक लाकडात वर राहतात, मदत हवी आहे

हवेवरची १८ गेजची ब्रॅड नेलर (बारीक खिळ्यांची नेल गन) आहे, खिळे ५० मि.मी. कॉम्प्रेसरची टाकी २४ लिटरची, पाइप १५ मीटर लांब, आतला व्यास ६ मि.मी. रेग्युलेटरवर हवेचा दाब ९० पीएसआय ठेवतो. गनवर कमाल १२० छापलंय.

मऊ लाकडात खिळा डोक्यासकट आत जातो. कडक लाकडाच्या चौकटीवर पट्टी ठोकताना मात्र सुरुवातीचे खिळे नीट बसतात, मग डोकी दोन-तीन मि.मी. वर राहायला लागतात. थोडं थांबलं की पुन्हा एखाद-दुसरा नीट बसतो.

दाब १०० केला, खिळा किती खोल जावा ते ठरवणारं चाक पूर्ण फिरवलं, हवेच्या तोंडातून तेलाचे थेंब सोडले, टाकीतलं पाणी काढलं. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, गळती नाही. ३२ मि.मी.चे खिळे व्यवस्थित बसतात, पण पट्टीच १८ मि.मी. जाड असल्याने पकड कमी पडते.

दाब मर्यादेपलीकडे न्यायचा नाही आणि नाकाची सेफ्टी (नाक लाकडावर दाबल्याशिवाय गन चालू न देणारी) बांधून ठेवायची नाही, हे नक्की. ट्रिगर एकेरी आहे, म्हणजे प्रत्येक खिळ्याला नाक आधी दाबावं लागतं, आणि तो तसाच हवा. गाठीला लागून एक खिळा वळून पट्टीच्या कडेतून बाहेर आला, तेव्हापासून पट्टी हाताने न धरता क्लॅम्पने धरतो. गन उघडायची तर पाइप आधी काढतोच.

दोष पाइपमधून हवा कमी पोचण्याचा आहे की आतली ड्रायव्हर ब्लेड (खिळ्याला ठोकणारी पट्टी) किंवा ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) झिजल्याचा, हे गन न खोलता कसं ओळखायचं? आणि १० मि.मी. आतल्या व्यासाचा आखूड पाइप लावून खरंच फरक पडेल का?