अस्वल म्हणालं 'आईला नाही सांगणार', आणि सगळं माझ्या फोनवर

अर्धवट_विणकाम:
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, शेवटी लिहितेच. लेक सहा वर्षांची. तिच्या मावशीने वाढदिवसाला बोलणारं अस्वल दिलं, वायफायवर चालतं, काही विचारलं की उत्तर देतं, गोष्ट रचून सांगतं, आणि त्याचं पालकांसाठीचं ॲप माझ्या फोनवर आहे. सेटअप करताना दिसेल त्याला 'मान्य' दाबत गेलो, ते सगळं कोण वाचत बसतं. परवा सहज ॲप उघडलं तर 'संभाषण' नावाचा टॅब सापडला, त्यात लेक अस्वलाशी काय काय बोलली ते सगळं टाइप होऊन तारीखवार. आधी मजाच वाटली. दात न घासता झोपले, चित्रांची वही हरवली नाहीये मीच लपवलीय, असलं काय काय. आणि प्रत्येकाच्या शेवटी 'आईला सांगू नको हं', त्यावर अस्वल म्हणतंय 'नाही सांगणार, आपलं सिक्रेट'.
मग एका तारखेला हे, की आई-बाबा मोठ्याने बोलायला लागले की मी बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते, मग ऐकू येत नाही.
त्या नळावरून मी तिला दोनदा ओरडलेय. पाणी वाया घालवते म्हणून.
नवऱ्याचं म्हणणं, अजून आपण तिचं ढुंगण धुतो, तिची कसली आलीय प्रायव्हसी. मला काही ते गिळवत नाहीये. तुम्ही वाचाल का?

ज्येष्ठ_बाप:
वाचा, शंभरदा वाचा. नळाचं तुम्हाला कळलं कसं? वाचलंत म्हणूनच ना. ते कळलं म्हणून आता घरात आवाज खाली येतील, पोरीचा फायदाच झाला. सहा वर्षांच्या मुलाला प्रायव्हसी म्हणजे काय ते कळत नाही, आणि उद्या कोणी त्रास देत असेल तर ते आधी अस्वलालाच सांगणार, तुम्हाला नाही. तेव्हा तत्त्वं घेऊन बसणार का?

वायरमन:
आईने वाचावं का यावर वाद चाललाय पण आईच्या आधी ते कंपनीच्या सर्व्हरवर गेलंय त्याचं काय? अस्वलाच्या पोटात डोकं नसतं, माइक आणि वायफाय असतं, आवाज बाहेर जातो, तिथे त्याचा मजकूर होतो, तिथून उत्तर येतं. म्हणजे तुमच्या घरातली भांडणं कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी डिस्कवर पडलीयत.
आणि त्या डिस्क कशा सांभाळतात त्याचा इतिहास बघा. २०१५ मध्ये मुलांची इलेक्ट्रॉनिक खेळणी बनवणाऱ्या व्हीटेकचा डेटा फुटला, ६० लाखांवर मुलांची प्रोफाइल्स त्यात होती, फोटो आणि चॅटसुद्धा. २०१७ मध्ये क्लाउडपेट्स म्हणून आवाजी निरोप पोचवणारी मऊ खेळणी होती, त्यांच्या डेटाबेसला पासवर्डच नव्हता, ८ लाखांवर खाती आणि २० लाखांवर निरोप उघड्यावर पडलेले. आणि त्याच वर्षी जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने 'माय फ्रेंड केला' या बाहुलीला चक्क छुपं हेरगिरीचं यंत्र ठरवलं, कारण तिच्या ब्लूटूथला काही कुलूपच नव्हतं, जवळपास उभा असलेला कोणीही जोडून ऐकू शकत होता. नुसती विक्री बंद नाही केली, पालकांना सांगितलं की घरात असेल तर नष्ट करा. बाहुली!
माझं मत, ॲप उडवा आणि बॅटरी काढा, अस्वल तसंही गोंडस दिसतच असेल.

शेंडीतुटो:
वायरमनभाऊ, तुमचे दाखले आठ-दहा वर्षांपूर्वीचे आहेत. असं तर फोनही फेकून द्यावा लागेल, टीव्हीही. मुलं याच जगात मोठी होणारेत. आता कायदे कडक झालेत, कंपन्यांनाही अक्कल आलीय.

वायरमन:
कुठे आलीय? २०२३ मध्ये ॲमेझॉनने अलेक्सावरची मुलांची रेकॉर्डिंग्ज ठेवून दिल्याबद्दल अमेरिकेत २.५ कोटी डॉलर भरले, पालकांनी काढून टाका सांगितल्यावरही सगळं काही पुसलं गेलेलं नव्हतं. आणि २०२५ च्या नोव्हेंबरचं ताजं घ्या, तिथल्या पर्ग या ग्राहक संघटनेने एआयवाली खेळणी तपासली, त्यात कुम्मा नावाचं एक अस्वल (हो, अस्वलच) घरात काडेपेटी कुठे सापडेल ते सांगत होतं आणि गप्पा लांबल्या की नको त्या लैंगिक विषयांवर जात होतं. कंपनीला विक्री काही काळ थांबवावी लागली.

ज्येष्ठ_बाप:
बघा, म्हणजे वाचायलाच हवं! तुमच्याच तोंडून आलं. अस्वल पोरीला काय शिकवतंय हे न वाचता कळणार कसं?

वायरमन:
अस्वल काय बोलतं ते वाचा की, कोण नको म्हणतंय. पोर काय बोलते ते नका वाचू.

अर्धवट_विणकाम:
ॲपमध्ये दोन्ही एकाखाली एक येतं हो, वेगळं करता येत नाही. बघितलं मी.

खडूडस्टर:
मी शाळेत शिकवते. वरच्या जर्मनीच्या गोष्टीचं पुढचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. त्याच नियामकाने २०१७ च्याच नोव्हेंबरमध्ये मुलांच्या काही स्मार्टवॉचवर बंदी घातली, ज्यात ॲपवरून घड्याळाला गुपचूप फोन लावून आजूबाजूचं ऐकता येतं. आणि ऐकत कोण होतं तर चोर नाही, हॅकर नाही, आईवडील. वर्गात बाई काय शिकवतात ते घरी बसून ऐकत होते. वाचलं तेव्हा मला घाम फुटला. आमच्यासारख्यांचं सोडा, पण त्या वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलाने काही सांगितलं असेल, त्याच्या आईबापांनी कुठे 'मान्य' दाबलं होतं?
तुमच्या अस्वलाचंही तेच आहे. खेळायला आलेली मैत्रीण त्याच्यापुढे काही बोलली तर तेही तुमच्या टॅबमध्ये येणार.
आणि ज्येष्ठ, 'कळत नाही' म्हणताय, पण 'आईला सांगू नको' असं तीच म्हणतेय ना? तिला अगदी बरोबर कळतंय. आपल्या भाषेत प्रायव्हसीला धड घरगुती शब्द नाही म्हणून ती गोष्ट नसते असं थोडंच आहे. बालहक्कांच्या जागतिक करारात, १९८९ च्या, कलम १६ हे मुलांच्या खाजगीपणाचंच आहे.

ज्येष्ठ_बाप:
बाई, करार लिहिणारे रात्री तापलेल्या पोराजवळ बसायला येत नाहीत. माझं मूल सुरक्षित आहे की नाही याची जबाबदारी माझी. सतत नजर ठेवली म्हणून कोणाचं वाईट झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

चष्माहरवला:
मी आहे ना. हात वर. आई माझी डायरी वाचायची, मी चौदाची असताना. रागावली कधीच नाही, उलट प्रेमाने वागायची, फक्त डायरीत जे लिहिलं असेल त्याच विषयावर जेवताना गोल गोल गप्पा काढायची. मला वाटायचं आईला मनातलं कळतं. ज्या दिवशी कळलं की कपाटातलं कळतं त्या दिवसापासून मी दोन डायऱ्या लिहायला लागले, एक आईसाठी. आजही तिला फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगते. ती बिचारी काळजीपोटीच करत होती, मला राग वगैरे काही नाही. पण सवय गेली ती गेली.

खडूडस्टर:
यावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे, स्टॅटिन आणि कर या मानसशास्त्रज्ञांचा, स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवर, २००० साली छापलेला. आईवडिलांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते बहुतेक मूल आपणहून सांगतं म्हणून माहीत असतं, विचारपूस आणि पहाऱ्यातून फार थोडं. आपण मात्र ते सगळं पहाऱ्याच्या खात्यात जमा करतो.

शेंडीतुटो:
चौदा आणि सहा यात फरक आहे पण. सहा वर्षांचं पोर आपणहून सांगतं ते 'तो मला चिमटा काढतो' इतपतच. नळाचं नाही सांगत.

चष्माहरवला:
नळाचं सांगितलं की तिने. अस्वलाला. तिच्या हिशेबी तिने योग्य माणूस निवडला होता.

अर्धवट_विणकाम:
सगळ्यांचं वाचलं, थँक्यू. ज्येष्ठ, तुमच्यावर चिडणार होते पण नळाचा मुद्दा खोडता येत नाही मला. त्या रात्री आम्ही दोघं भांडलो नाही एवढं खरं (म्हणजे बाल्कनीचं दार लावून भांडलो).
पण मला खटकतंय काय ते आता लक्षात आलं. मी वाचलं हे एक झालं. 'नाही सांगणार, आपलं सिक्रेट' हे जे अस्वल बोललं ना, ते खोटं आहे आणि ते माझ्या घरात माझ्या वायफायवर माझ्याच लेकीला सांगितलं गेलं. एखाद्या मोठ्या माणसाने तिला असं म्हणून लगेच मला येऊन सांगितलं असतं तर मी त्याला परत घरात घेतलं नसतं. ॲपमध्ये ते वाक्य बंद करायची सोय नाही, शोधली. कंपनीला मेल टाकलाय, 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं.
म्हणून काल तिला सांगून टाकलं. म्हटलं, तू अस्वलाशी बोलतेस ते माझ्या फोनमध्ये येतं. ती रडेल वाटलं होतं. तिने विचारलं, 'सगळं?' म्हटलं सगळं. 'बाबांच्या पण?' म्हटलं नाही, माझ्याच. थोडा वेळ गप्प बसली आणि खेळायला निघून गेली. आणि आज काय, तर अस्वलाला सांगतेय, 'हळू बोल, आईला ऐकू जातं, आपण बाथरूममध्ये जाऊन बोलू.' हसावं की रडावं.

ज्येष्ठ_बाप:
हाहा. हुशार आहे पोर.

चष्माहरवला:
हे ती तुमच्यासमोर म्हणाली?

अर्धवट_विणकाम:
नाही. टॅबमध्ये वाचलं.