वेगास: भाड्याच्या गाडीने वाळवंट, दोन दिवसांत काय काय?

प्रश्न: मार्चअखेर दोन दिवस मोकळे आहेत, साधी सेडान मिळणार आहे. डेथ व्हॅली झेपेल का?

उत्तर १: आरामात. पहाटे निघा, पाहरम्पमध्ये टाकी फुल करा. पुढे फर्नेस क्रीकला पेट्रोल मिळतं, पण भाव डोळे पांढरे करणारा. झॅब्रिस्की पॉइंट सकाळच्या उन्हात, मग बॅडवॉटर (समुद्रसपाटीखाली ८६ मीटर). तिथलं मीठ पायाखाली कुरकुरतं. रेसट्रॅककडे (सरकत्या दगडांचं कोरडं तळं) मात्र वळू नका. कच्च्या रस्त्यावरचे धारदार दगड टायर फाडतात आणि भाडेकरारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्यच असतो. म्हणजे टोइंगचा खर्च तुमच्याच बोकांडी.

उत्तर २: माणशी रोज किमान ४ लिटर पाणी ठेवा. नकाशा आधीच डाउनलोड करा, रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. स्पेअर टायर खरंच आहे का, हे गाडी घेतानाच डिकी उघडून बघा. हल्ली नुसता पंप आणि सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) देतात. फाटलेल्या टायरला त्याचा काडीचा उपयोग नाही.

उत्तर ३: दुसऱ्या दिवशी व्हॅली ऑफ फायर (लाल खडकांचं उद्यान), आय-१५ महामार्गाने तासाभरात. रेड रॉक कॅन्यन जवळ आहे, पण ऑक्टोबर ते मे वेळेचं आरक्षण लागतं. तिथला १३ मैलांचा रस्ता एकेरी, थांबा चुकला की पुन्हा प्रदक्षिणा!