साल्झबुर्गला दोन दिवस, जेवणाचं कसं जमवू? मदत हवी आहे

म्युनिकला शिकते. येत्या शनिवार-रविवारी मैत्रिणीबरोबर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जातेय. डॉइचलँडटिकीट, म्हणजे जर्मनीतला महिन्याचा प्रवासी पास, रिजनल गाडीत थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, त्यामुळे जाण्यायेण्याचा वेगळा खर्च नाही. वाटेत तपासणी होऊ शकते म्हणून पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ ठेवणार आहोत. शनिवारी होहेनसाल्झबुर्ग किल्ला आणि मिराबेल बाग, रविवारी फ्रायलासिंगला गाडी बदलून बेर्खटेसगाडेन आणि क्योनिग्सझे तलाव.

अडलंय ते जेवणापाशी. आम्हाला अंडं चालतं, मांस अजिबात नाही. मागच्या खेपेला फ्रिटाटेनझुपं मागवलं. वाटीत धिरड्याच्या बारीक पट्ट्या तरंगत होत्या, वर हिरवी पात. दोन चमचे पोटात गेल्यावर कळलं की सूप गोमांसाचं. फार वाईट वाटलं. या वेळी काझनोकन खायचेत, म्हणजे चीजमध्ये घोळलेले पिठाचे गोळे आणि वर परतलेला कांदा. पण त्यातही कुठे कुठे डुकराचं स्पेक घालतात.

साल्झबुर्गच्या जुन्या भागात विद्यार्थ्यांना परवडेल अशी, खात्रीने बिनमांसाचे काझनोकन देणारी जागा कोणाला माहीत आहे का? आणि सूप, स्पेक दोन्हीबद्दल वेटरला जर्मनमध्ये नेमकं काय विचारता?